झाकण लावलं की गुणगुण: स्लिम डब्यातल्या घरगुती डॅकचा हट्टी हम

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्यांना हाच त्रास आहे ते लगेच ओळखतील. डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्पला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) टेबलावर उघडा पसरलेला असताना स्वच्छ वाजतो. डब्यात बसवला तरी स्वच्छ. झाकण ठेवलं, तरीही ठीक. चौथा स्क्रू आवळला की स्पीकरमधून ‘हूंऽऽऽ’. तोच स्क्रू अर्धा फेरा सैल केला की गप्प.

माझ्या डब्यात ही गुणगुण दीड वर्षात चार वेळा आली. प्रत्येक वेळी वाटलं, जुनंच दुखणं उलटलं. प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं, आणि त्यातलं एक तर मीच हौसेने तयार केलं होतं. म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

डब्यात काय काय आहे ते थोडक्यात. प्रत्यक्ष डॅक म्हणजे पीसीएम ५१०२ए चिपचं तयार मॉड्यूल. कॉम्प्युटरसाठी यूएसबीतून आय-टू-एस (डॅकच्या चिपला कळणारा डिजिटल सिग्नल) काढणारा छोटा बोर्ड. तो स्वतःचे ५ व्होल्ट यूएसबीतूनच घेतो. टीव्हीसाठी टॉसलिंकचं (प्रकाशातून डिजिटल आवाज आणणाऱ्या केबलचं) सॉकेट आणि त्यामागे तो सिग्नल वाचणारी डीआयआर ९००१ चिप. दोन्हींतून निवडायला मागे एक टॉगल. पुढे व्हॉल्यूमचा ५० किलोओहमचा पॉट. वीज १५ व्हीएच्या टोरॉइडमधून, म्हणजे कड्यासारख्या गोल ट्रान्सफॉर्मरमधून: ६ व्होल्ट एसी, त्याचं डीसी करणारा चार १एन४००७ डायोडांचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग स्थिर ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर. डबा ॲल्युमिनियमचा, काळा ॲनोडाइज्ड, रॅकवाले ज्याला १यू म्हणतात त्या मापाचा. १यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. तळ, झाकण आणि पाय वजा करून आत उरले ३८. टोरॉइड रबरी वॉशरसकट ३४. या ४ मिलिमीटरांत पुढचं सगळं रामायण घडलं.

एक गोष्ट इथेच सांगून मोकळा होतो, कारण नव्या माणसाला ती हमच्या आधी छळते. मॉड्यूलमधून आवाजच येत नसेल तर ते उलटं करून मागचे सोल्डर पॅड बघा. या मॉड्यूलवर बहुधा चार जोड्या असतात. तिसरी ‘एच’ बाजूला आणि बाकीच्या तिन्ही ‘एल’ बाजूला जोडलेल्या हव्यात. तिसरी म्हणजे म्यूटची पिन. ती खाली राहिली तर चिप शहाण्यासारखी गप्प बसते. शिवाय पुढच्या बाजूचा एससीके पॅड ग्राउंडला जोडा, म्हणजे चिप बिटक्लॉकवरून स्वतःचं घड्याळ बनवते. तो अधांतरी राहिला तर कधी खरखर, कधी शांतता. एवढं झालं की पुढे.

आधी कान, मग पाना

पहिल्यांदा हम आला तेव्हा मी जे केलं ते करू नका. मॉड्यूलवरचे कपॅसिटर बदलले. डॅकपासून ॲम्पपर्यंतची जाडजूड आरसीए केबल आणली. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, तापकीर गल्लीच्या, तीन फेऱ्या झाल्या. हम होता तिथेच.

मग एका रविवारी मावशी आली. ती हार्मोनियम शिकवते. चहा होईपर्यंत ती खोलीत बसली होती, गाणं लावलेलं नव्हतं, ॲम्प चालू होता. म्हणाली, “काय रे, हा डबा पांढरी पाचला लावलायस वाटतं? पण जरा चढलाय.”

मला हसू आलं, पण रात्री हिशोब केला तर ती तंतोतंत बरोबर होती. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची. पांढरी पाचचा (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) खर्जातला खालचा सूर ४९ हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ चा. म्हणजे ५० आणि १०० हे दोन्ही पांढरी पाचच, किंचित चढी. फरक फक्त सप्तकाचा. आणि सगळं निदान त्या एका सप्तकात आहे.

पन्नासचा हम गोल, खोल, जवळजवळ छातीला जाणवणारा. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो, नाहीतर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहातून, म्हणजे ग्राउंड लूपमधून. शंभरचा त्याहून कर्कश, कारण ब्रिज मेन्सच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवून वापरतो आणि कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो. शंभर ऐकू आला तर वीजपुरवठा तपासायचा. मधमाशीसारखा ‘झंऽ’ असेल, वरचे बरेच सूर मिसळलेले असतील आणि हात लावल्यावर बदलत असेल, तर कुठलातरी धातूचा भाग अधांतरी आहे. बारीक शिट्टी असेल तर यूएसबीवर संशय घ्या. फुल-स्पीड यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते, म्हणून १ किलोहर्ट्झ; हाय-स्पीडला दर १२५ मायक्रोसेकंदाला, म्हणून ८ किलोहर्ट्झ.

छोटे बुकशेल्फ स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवत नाहीत, आणि मग पन्नासच्या हममधला शंभरचा अंशच जास्त ऐकू येऊन फसगत होते. हेडफोन लावा, किंवा लॅपटॉप बॅटरीवर ठेवून ऑडॅसिटीत वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम बघा. फोनच्या माइकवर पन्नाससाठी भरवसा ठेवू नका.

यानंतर पाना उचलण्याआधी तीन चाचण्या. डॅकचा मेन्सचा प्लग काढा, आरसीए केबल मात्र ॲम्पला तशीच राहू द्या. तरीही हम येतोय? मग डॅकच्या आतलं काही बिघडलेलं नाही. लूप आहे किंवा ॲम्पचं दुखणं आहे. हम थांबला तर दुसरी चाचणी: टोरॉइडची दुय्यम तार (सेकंडरी) सोडवा आणि ७८०५ च्या आउटपुटच्या बाजूला पॉवर बँकेचे ५ व्होल्ट द्या. हमसाठी आजवरचं माझं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपकरण म्हणजे पॉवर बँक. सप्लाय बाजूला पडतो आणि तरीही डबा, वायरिंग, झाकण सगळं जसंच्या तसं राहतं. तिसरी चाचणी तशीच, पण टोरॉइड नुसता चालू ठेवायचा: प्रायमरीला (मेन्सकडच्या गुंडाळीला) मेन्स, सेकंडरी उघडी आणि टेप लावलेली, डॅक पॉवर बँकेवर. आता हम आला तर तो तारेतून येत नाहीये, हवेतून किंवा डब्यातून येतोय.

माझ्या पहिल्या खेपेला तिसऱ्या चाचणीत हम आला. तोही फक्त झाकण आवळल्यावर.

(मेन्स असलेला डबा उघडताना प्लग बोर्डातून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं.)

बोल्ट, झाकण आणि तळ: एका वेढ्याची कथा

टोरॉइड डब्यात कसा बसवतात? मधल्या भोकातून एक बोल्ट, वर बशीसारखी चकती, खाली रबर. बोल्टचं खालचं टोक तळाला घट्ट. वरचं टोक मोकळं. मोकळं असतं तोवर काही बिघडत नाही.

आता ते वरचं टोक झाकणाला टेकलं असं धरा. बोल्ट, झाकण, बाजूची पट्टी, तळ, परत बोल्ट. टोरॉइडच्या गाभ्याभोवती धातूचा एक पूर्ण वेढा तयार झाला. ट्रान्सफॉर्मरला काय माहीत की हा वेढा तुम्ही मुद्दाम गुंडाळलेला नाही? त्याच्या दृष्टीने ती एका वेढ्याची सेकंडरी, आणि तीही शॉर्ट केलेली.

१५ व्हीएच्या टोरॉइडमध्ये एका वेढ्याला व्होल्टेज फार नसतं, साधारण ०.०८ व्होल्ट. मल्टिमीटर लावला तर दुर्लक्ष कराल. पण वाटेतला रोध किती? घट्ट धातूला धातू लागला तर एका मिलिओहमपेक्षाही बराच कमी. मग प्रवाहाला वाइंडिंगचा रोध तेवढा अडवतो, ट्रान्सफॉर्मर शेकतो आणि फ्यूज जातो. फ्यूज गेला असता तर बरं झालं असतं, तासाभरात कळलं असतं. माझं झाकण ॲनोडाइज्ड. त्या काळ्या थराखाली ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे विजेला अडवणारा. बोल्टच्या टोकाने तो थोडासा खरवडला होता, म्हणून संपर्क अर्धवट. समजा २० मिलिओहम. ०.०८ भागिले ०.०२ म्हणजे ४ अँपियर. फ्यूज जायला कमी, हम करायला पुरेसे. आणि हे ४ अँपियर डॅकच्या बोर्डाच्या वरच्या झाकणातून आणि खालच्या तळातून फिरत होते. सँडविचमधली काकडी म्हणजे माझा पीसीएम ५१०२.

स्क्रू अर्धा फेरा सैल केला की झाकण किंचित वर येई आणि वेढा तुटे. एवढंच.

हे कसं सापडलं ते सांगण्यासारखं आहे. उघड्या डब्यात डोळ्यांनी काही कळत नाही, आणि झाकण लावल्यावर आत बघता येत नाही. मी स्वयंपाकघरातून कणकेचा सुपारीएवढा गोळा आणला, प्लग काढून बोल्टच्या डोक्यावर ठेवला, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद टाकला, झाकण चारही स्क्रूंनी आवळलं आणि पुन्हा काढलं. गोळ्याची पोळी झाली होती आणि पोळीच्या बरोबर मधे बोल्टच्या टोकाएवढं भोक. ३८ मधून ३४ गेले, ४ उरले. पण नट आणि वरचे आटे मी मोजलेच नव्हते, आणि झाकण मधे थोडं लवतं हेही नाही. बारीक डब्याचं झाकण मधे लवतंच. कुठल्याही स्लिम केसमध्ये ट्रान्सफॉर्मर बसवण्याआधी कणीक घ्या. हीट सिंक, उभे कपॅसिटर, सगळ्यांवर हीच चाचणी चालते.

उपाय सोपा. हॅकसॉने बोल्ट कापला, नटाच्या वर दोनच आटे ठेवले. कापताना खाली फडकं पसरा. लोखंडाचा कीस बोर्डावर सांडला तर पुढच्या लेखाचा विषय तयार होतो. मग झाकणाच्या आतून लेदरॉइड या विजेला अडवणाऱ्या जाड कागदाचा चौकोन चिकटवला. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो तुकड्यावर मिळतो आणि अशा कामाला प्लॅस्टिकच्या टेपपेक्षा कितीतरी भरवशाचा. नायलॉनचा बोल्ट लावावा का, असं कोणीतरी विचारणारच. टोरॉइड जड असतो. डबा कुरिअरने पाठवायचा असेल तर नायलॉनवर मी विसंबणार नाही.

यानंतर मोठा हम गेला. उरला एक पुसट पन्नास, रात्री दोन वाजता हेडफोनवर ऐकू येईल इतका. ते टोरॉइडचं गळणारं क्षेत्र. लोकांची समजूत असते की डबा धातूचा आहे, म्हणजे शिल्डिंग झालं. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ॲल्युमिनियम फारसं अडवत नाही. त्या फ्रीक्वेन्सीला ॲल्युमिनियमची स्किन डेप्थ, म्हणजे क्षेत्र बऱ्यापैकी क्षीण व्हायला लागणारी जाडी, सुमारे १२ मिलिमीटर. माझं झाकण २ मिलिमीटरचं. लोखंडी पत्रा थोडाफार उपयोगी पडतो, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड यांच्या मधे उभा केला. पण खरा फरक पडला तो टोरॉइड फिरवल्याने. नट थोडा सैल करून हेडफोन कानाला लावून टोरॉइड स्वतःभोवती हळूहळू फिरवला. ज्या बाजूने वायरी बाहेर येतात तिथे क्षेत्र जास्त गळतं; ती बाजू डॅकपासून दूर वळवली की एका ठिकाणी हम जवळजवळ नाहीसा होतो. तिथे मार्करने खूण करून नट आवळला. हे करताना मेन्स चालू असते, म्हणून प्रायमरीचं प्रत्येक टोक आधी स्लीव्हमध्ये असलं पाहिजे आणि एक हात खिशात. आउटपुटच्या दोन तारांना एकमेकींभोवती दोरीसारखा पीळ दिला, सेकंडरीच्या दोन तारांनाही.

शोभेने घात केला

दोन महिने शांततेत गेले. मग जून उजाडला आणि पुन्हा आवाज. मी मनातल्या मनात बोल्टला शिव्या दिल्या, कणीक आणली. पोळीत भोक नव्हतं.

या वेळी आवाज वेगळा होता हे मला ऐकायलाच दहा मिनिटं लागली, कारण मी आधीच निदान करून बसलो होतो. तो गोल नव्हता, ‘झंऽ’ होता. झाकणाला हात लावला की बदले. व्हॉल्यूमच्या बटणाला बोट लावलं की बदले. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे व्हॉल्यूम पूर्ण खाली असताना आवाज नाही, पूर्ण वर असताना जवळजवळ नाही, मधेच कुठेतरी सर्वांत जास्त. ५० किलोओहमचा पॉट मध्यावर असताना पुढच्या ॲम्पला १२ किलोओहमच्या वर स्रोतरोध दिसतो. दोन्ही टोकांना तो जवळजवळ नसतोच. जिथे रोध जास्त तिथे आसपासचा मेन्स कपॅसिटिव्ह मार्गाने सहज चिकटतो. म्हणजे पॉटच्या जवळचा कुठलातरी धातू अर्थ झालेला नव्हता.

मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवून एक टोक अर्थच्या पिनवर, दुसरं झाकणावर. शांतता. पुढच्या पॅनेलवर. शांतता. तळावर बीप.

कारण मीच. बोल्टची दुरुस्ती झाल्यावर डबा आता कायमचा बंद करायचा म्हणून मी काळे नवे स्क्रू आणले होते, आणि झाकणावर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली नायलॉनचे वॉशर. आधीचे साधे स्क्रू ॲनोडाइज्ड थर कापून आत शिरले होते आणि तेच झाकणाचं अर्थिंग करत होते. मला ते कधी कळलंच नव्हतं. शोभेपायी चारही जोड तोडून टाकले. दोन महिने काही जाणवलं नाही, कारण झाकणाची कड कुठेतरी चुकून टेकत होती. एकदा उघडबंद केल्यावर तीही सुटली.

हम राहू द्या बाजूला, हे धोक्याचं होतं. आत मेन्सची वायर, वर अर्थ नसलेलं धातूचं झाकण. वायर सुटून झाकणाला लागली असती तर फ्यूज उडाला नसता आणि पहिला स्पर्श माझा किंवा मावशीचा असता.

आता प्रत्येक पॅनेलला आतून एका रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत केली आहे, दातेरी वॉशर आणि रिंग लग लावून तळाच्या मुख्य अर्थच्या स्टडला हिरवी वायर नेली आहे. झाकणाची वायर थोडी लांब, म्हणजे उघडताना ताणत नाही. पॉटची बॉडीही त्याच पॅनेलला. आणि पॉट बदलून १० किलोओहमचा टाकला; पीसीएम ५१०२ तो आरामात चालवते, तिला १ किलोओहमपर्यंतचा लोड चालतो. ५० किलोओहम मी का निवडला होता याला उत्तर एकच: ड्रॉवरमध्ये तोच होता.

ताईकडे, संध्याकाळी सातनंतर

तिसरी खेप माझ्या घरी नाहीच आली. डॅक दिवाळीत गावी ताईकडे नेला होता. दुपारी भीमपलास सुंदर वाजला. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंप, टीव्ही सुरू झाले आणि डब्यातून कर्कश पांढरी पाच. सप्तक वरचं. शंभर.

मल्टिमीटर सॉकेटमध्ये घातला: १९५ व्होल्ट.

हिशोब असा बसतो. छोट्या टोरॉइडवर ६ व्होल्ट लिहिलेले असतात ते पूर्ण लोडला. हलक्या लोडवर माझा ७.१ देत होता. त्याचा शिखर १० च्या जरा वर, ब्रिजमधल्या दोन डायोडांचे दीड गेले, उरले साडेआठ. लोड १२० मिलिअँपियर. १००० मायक्रोफॅरडवर सेकंदाला शंभर भरण्या, म्हणजे दोन भरण्यांच्या मधे साधारण १.२ व्होल्टची घसरण. तळ ७.३. ७८०५ ला आत किमान ७ लागतात. म्हणजे पुण्यात २३० व्होल्टला माझा डॅक ०.३ व्होल्टच्या काठावर उभा राहून इतके दिवस शांतपणे वाजत होता. १९५ ला तोच तळ ५.८ पर्यंत जातो. रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा धाप टाकतो आणि ती धाप ऐकू येते.

६ व्होल्टचा टोरॉइड का घेतला? स्लिम डब्यात उभा हीट सिंक बसत नाही, म्हणून ७८०५ कमी तापावा ही इच्छा. ९ व्होल्टचा घेतला असता तर त्याच्यावर सुमारे १ वॉट जळला असता, आणि हीट सिंक नसलेल्या ७८०५ ला बंद डब्यात तेवढा नको वाटतो. ७८०५ ला थेट तळाच्या पत्र्यावर बोल्ट केलं असतं तर डबाच हीट सिंक झाला असता. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

मी ट्रान्सफॉर्मर बदलला नाही. ब्रिजमध्ये १एन४००७ च्या जागी कमी व्होल्ट खाणारे १एन५८१९ शॉट्की डायोड टाकले, तिथे पाऊण व्होल्ट वाचला. १००० च्या जागी ४७०० मायक्रोफॅरड, आडवा झोपवून, कारण उभा केला की कणकेच्या चाचणीत नापास. आता १९५ ला तळ साडेसातच्या आसपास राहतो. परत आल्यावर मित्राच्या व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) १९० पर्यंत उतरवून बघितलं, गप्प. त्याच्याही खाली तुमच्याकडे व्होल्टेज जात असेल तर ७८०५ ऐवजी एलएम २९४० सारखा लो-ड्रॉपआउट लावा. त्याला अर्ध्या व्होल्टच्या आसपासचं अंतर पुरतं. मात्र त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर तो स्वतःच डोलायला लागतो आणि तुम्ही नव्या हमच्या मागे लागता.

पहिल्या खेपेला मी कपॅसिटर बदलून हात पोळून घेतले होते. या वेळी नेमका कपॅसिटरच औषध निघाला.

लूप

चौथी खेप सगळ्यांच्या परिचयाची, म्हणून फार रेंगाळत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की हम, काढला की गप्प. लॅपटॉपचं अर्थ यूएसबीतून डॅकला, डॅकचं मेन्सच्या अर्थला, ॲम्पचं स्वतःच्या तीन पिनांना, आणि आरसीएची जाळी या सगळ्यांना जोडून चक्र पूर्ण करते. त्यात मेन्सचा प्रवाह झिरपतो.

यावर आपल्याकडचा लाडका तोडगा म्हणजे प्लगची मोठी पिन तोडणे किंवा टू-पिन अडॅप्टर लावणे. करू नका. धातूच्या डब्यात मेन्स आहे. शिवाय चार्जरचं अर्थ तोडलं की त्याच्या आतल्या फिल्टरमुळे लॅपटॉपची बॉडी मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. प्रवाह अगदी थोडा असतो, पण आरसीएच्या प्लगमध्ये मधली पिन जाळीच्या आधी टेकते, आणि चालू असताना केबल खोचली तर तो झटका थेट चिपच्या आउटपुटमधून जातो. केबल लावताना सगळं बंद.

मी असं केलं. डब्याचं अर्थ मेन्सच्या पिनला थेट, तडजोड नाही. आरसीएची सॉकेट्स पॅनेलपासून इन्सुलेटेड वॉशरने अलग. सिग्नलचं ग्राउंड एकाच ठिकाणी गोळा करून तिथून डब्याला १० ओहममधून जोडलं, आणि त्या १० ओहमला समांतर केबीपीसी ३५१० हा ३५ अँपियरचा ब्रिज. त्याची प्लस आणि मायनस टोकं एकमेकांना जोडायची आणि एसीची दोन टोकं वापरायची, म्हणजे दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड. लूपमधलं व्होल्टेज मिलिव्होल्टांत असतं, त्याला १० ओहम आड येतात. काही बिघडून खरा मेन्स सिग्नलच्या ग्राउंडला लागला तर डायोड उघडतात आणि प्रवाह अर्थला जाऊन फ्यूज उडतो. ब्रिजची उंची साधारण ११ मिलिमीटर, स्लिम डब्यात निवांत बसतो.

टीव्हीच्या बाजूने लूप आला तर सेट-टॉप बॉक्सची केबल मागून काढून बघा. ती काढताच हम थांबला तर केबलवाल्याच्या कोअ‍ॅक्सची जाळी दुसऱ्याच कुठल्या इमारतीचं अर्थ तुमच्या घरात आणते आहे. तिथे टॉसलिंक वापरा. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, अर्थ जात नाही. माझ्याकडे टॉसलिंक होतंच. मी आळसाने टीव्हीची हेडफोनची तार ॲम्पला लावून ठेवली होती.

आता उरलीय ती बारीक शिट्टी, १ किलोहर्ट्झची, लॅपटॉप लावल्यावर ट्विटरला कान लावला तरच. त्यासाठी एडीयूएम ४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचं ग्राउंड अलग ठेवणारा बोर्ड) मागवलाय. तो फुल-स्पीडपर्यंतच, म्हणजे १२ मेगाबिट. माझा यूएसबी बोर्डही फुल-स्पीडचाच, त्यामुळे चालेल. ज्यांचा बोर्ड हाय-स्पीड आहे त्यांनी तो घेऊ नये, १९२ किलोहर्ट्झ मिळणार नाही आणि कदाचित बोर्ड ओळखलाही जाणार नाही. बोर्डाच्या बाजूला स्वतःचे ५ व्होल्ट द्यावे लागतात, ते माझ्या ७८०५ मधूनच काढीन. लोड वाढेल, म्हणून तळाचा हिशोब पुन्हा करावा लागेल. उंची मोजली, सॉकेटसकट १४ मिलिमीटर. कणीक मात्र लागणारच आहे.